केअरटेकर : राखणदार, विश्वस्त आणि काळजीवाहू

नांदेड आणि लातूर या शहरांत 'केअरटेकर' हा शब्द अलीकडे जागोजागी कानी पडतो. अपार्टमेंटच्या तळमजल्यावर एका खोलीत राहून पाण्याच्या मोटारीपासून फाटकापर्यंत सर्व काही पाहणारा गृहस्थ केअरटेकर असतो. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांजवळ रात्रपाळी करणारी बाईही केअरटेकरच म्हणवते. मंगल कार्यालयाच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात त्याला हेच नाव आहे. निवडणुकीचे निकाल लागून नवे मंत्रिमंडळ यायचे असते तेव्हा जुन्या मंत्रिमंडळाला इंग्रजी वर्तमानपत्रे याच शब्दाने ओळखतात. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या दूरच्या वस्तीवर ख्रिस्तमंदिराचे कुलूप उघडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या आणि वेदीवर फुले ठेवणाऱ्या माणसालाही आपण सहजपणे केअरटेकर म्हणतो.

एवढ्या निरनिराळ्या माणसांना एकच शब्द लावला की त्यांच्या कामातील भेद दिसेनासा होतो, आणि कामाचा मानही कमी होतो. मराठीत या प्रत्येकासाठी स्वतंत्र शब्द आहे, आणि त्या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. पवित्र शास्त्रात व ख्रिस्तसभेच्या परंपरेतही या कामाला मोठे स्थान आहे. म्हणून या शब्दाचे अर्थ व उपयोग वाचकांसमोर क्रमाने मांडण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

शब्दाची फोड

'केअर' म्हणजे काळजी आणि 'टेकर' म्हणजे घेणारा. काळजी घेणारा तो केअरटेकर, असा सरळ अर्थ आहे. इंग्रजीत साधारणपणे वास्तूची किंवा मालमत्तेची निगा राखणाऱ्याला केअरटेकर आणि आजारी वा वृद्ध माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला केअरगिव्हर म्हणण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे मात्र एकच शब्द दोन्हीकडे चालतो. त्यामुळे घराला कुलूप लावणारा आणि माणसाला घास भरवणारी यांची गणना एकाच रकान्यात होते.

मराठी भाषा याबाबत अधिक काटेकोर आहे. आपण काळजी 'करतो', काळजी 'घेतो' आणि काळजी 'वाहतो'. काळजी करणारा मनात झुरतो. त्याने हातपाय हलवलेच पाहिजेत असे नाही. काळजी घेणारा प्रत्यक्ष काम करतो. आणि काळजी वाहणारा दुसऱ्याचे ओझे आपल्या खांद्यावर घेतो. 'काळजीवाहू' हा शब्द या तिसऱ्या अर्थातून आला आहे. तो आज राजकारणापुरता उरला असला तरी मूळचा फार सुंदर शब्द आहे.

या तिन्ही क्रियापदांच्या पलीकडे 'राखणे' आणि 'सांभाळणे' ही आणखी दोन आहेत. राखण धोक्यापासून करावयाची असते. सांभाळ प्रेमाने करावयाचा असतो. शेताची राखण करतात, लेकराचा सांभाळ करतात. दोहोंत एक गोष्ट समान आहे. जे राखावयाचे वा सांभाळावयाचे ते एकतर दुसऱ्याचे असते, किंवा आपले असले तरी पुढे दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे असते.

'पाल' या कुळातील शब्द

संस्कृतातील 'पाल' म्हणजे पाळणारा, रक्षण करणारा. या एका शब्दापासून मराठीत मोठे कुटुंब तयार झाले आहे. राज्यपाल, लोकपाल, वनपाल, लेखापाल, ग्रंथपाल आणि द्वारपाल हे सर्व शब्द त्याच घरातले. ग्रंथपाल पुस्तकांचा मालक नसतो आणि वनपाल जंगलाचा मालक नसतो. राज्यपालही राज्याचा मालक नसतो. प्रत्येक जण दुसऱ्याच्या वतीने पाहणारा असतो. कोतवाल हा शब्दसुद्धा 'कोट' म्हणजे किल्ला आणि 'पाल' म्हणजे रक्षक यांपासून घडला आहे. मोगल व निजामी अमदानीत तो शहराच्या बंदोबस्ताचा मोठा अधिकारी होता. पुढे आपल्या खेड्यांतून मात्र महसूल खात्याच्या, मानधनावर राबणाऱ्या सेवकाला हे नाव मिळाले.

लातूर आणि नांदेड ही शिक्षणाची केंद्रे झाल्यापासून 'गृहपाल' हा शब्द अनेक घरांतून परिचित झाला आहे. शासनाच्या समाजकल्याण वसतिगृहाच्या प्रमुखास गृहपाल म्हणतात. आश्रमशाळेत अधीक्षक वा अधीक्षिका असते. खाजगी व मिशनच्या वसतिगृहांत रेक्टर किंवा वॉर्डन असतात. त्यांच्या हाताखाली स्वयंपाकी, मदतनीस व कामाठी काम करतात. आपले मूल बारावीसाठी घरापासून दूर ठेवणाऱ्या आईबापांना या नावांतील भेद ठाऊक नसेल. पण रात्री मुलाला ताप आला तर त्याच्या कपाळावर हात कोण ठेवतो, एवढे त्यांना नक्की जाणून घ्यावेसे वाटते.

'पालक' हा शब्दही याच कुळातला. तो आई-वडिलांना लावतात, आणि आई-वडील नसताना त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या माणसालाही लावतात. ज्याचे पालन करावयाचे तो 'पाल्य'. आणि ख्रिस्ती माणसाच्या सर्वांत जवळचा शब्द 'मेंढपाळ' हा तर याच कुळाचा मानकरी आहे. प्रभू येशूने स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हटले, तेव्हा त्याने याच साध्या, राखणीच्या कामाचे नाव धारण केले.

गाव आणि शिवार

मराठवाड्याच्या गावगाड्यात राखणीची कामे वाटून दिलेली होती. गुरे राखणारा गुराखी, जोंधळ्याच्या कणसांवरील पाखरे गोफणीने उठवणारा राखण्या, रात्री पिकात जाऊन 'जागल' करणारा शेतकरी, आणि पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बोलीने बांधलेला सालगडी ही त्यातील काही माणसे. सालगडी हा शेतमालकाच्या बैलांना स्वतःच्या लेकरांआधी पाणी पाजतो, असे गावोगावी अभिमानाने सांगत. त्या बोलण्यात त्याची निष्ठा होती, आणि त्याची लाचारीही होती.

गावाच्या वेशीवर पहारा करणारा तो वेसकर किंवा येसकर. रात्री जागून गस्त घालणारा तो जागल्या. ही कामे वतन म्हणून मुख्यतः महार समाजाकडे होती. गावाच्या सीमा त्यांना पाठ असत. शिवेचा तंटा उद्भवला की त्यांची साक्ष ग्राह्य धरली जाई. सरकारी सारा आणि टपाल तेच वाहून नेत. ज्याच्या भरवशावर सारे गाव झोपत असे, त्याला मात्र गावाच्या आत राहण्याची मुभा नव्हती आणि गावच्या विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते याच अन्यायाविरुद्ध होते. तुटपुंज्या वतनाच्या मोबदल्यात माणसाला पिढ्यान्‌पिढ्या रात्रंदिवस राबवणे ही गुलामगिरी आहे, अशी त्यांची भूमिका होती.

आपल्या धर्मप्रांतातील अनेक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज याच कामावर होते. म्हणून 'राखणदार' या शब्दाकडे आपण अभिमानाने पाहावे आणि सावधपणेही पाहावे. काम थोर आहे. परंतु काम करणाऱ्याला वेशीबाहेर ठेवून कामाची थोरवी गाणे हे ढोंग आहे.

लोकभाषेने राखणदारावर संशयही घेतला आहे. 'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण काहीशी उदार आहे. राखणाऱ्याने ओंजळभर प्यायले तर चालते, असे ती मानते. 'कुंपणच शेत खाते' ही म्हण मात्र कठोर आहे. राखणाऱ्याने दुसऱ्याची वस्तू आपली मानली की काय होते, ते तिने तीन शब्दांत सांगितले आहे.

निरनिराळ्या श्रद्धास्थानांतील शब्द

नांदेड हे शीख बांधवांचे महान तीर्थक्षेत्र. गुरू गोविंदसिंगजींचे देहावसान १७०८ साली येथेच झाले, आणि त्यापूर्वी त्यांनी गुरू ग्रंथसाहिबास गुरुपद दिले. त्यानंतर कोणीही देहधारी व्यक्ती गुरुपदावर आली नाही. सचखंड श्री हजूर साहिब येथे लंगरात पोळ्या लाटणारा, पादत्राणे सांभाळणारा आणि फरशी पुसणारा प्रत्येक जण 'सेवादार' असतो. या गुरुद्वाराच्या कारभारासाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे.

महादेवाच्या व मारुतीच्या देवळात गावोगावी 'गुरव' असतो. कंधारच्या दर्ग्यासारख्या ठिकाणी 'मुजावर' असतो, आणि वक्फ मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यास 'मुतवल्ली' म्हणतात. मुतवल्ली हा व्यवस्थापक असतो. वक्फ केलेली जमीन त्याची होत नाही. शब्द निराळे, धर्म निराळे. परंतु पवित्र वस्तू आपली नव्हे, आपण तिचे सेवक आहोत, हा भाव सर्वत्र एक आहे.

जेरुसलेम येथे याचे एक हृद्य उदाहरण आढळते. प्रभूच्या पवित्र कबरीवरील मंदिराची किल्ली शतकानुशतके दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. एका घराण्याकडे किल्ली असते आणि दुसऱ्याकडे दार उघडण्याचा मान असतो. आत उपासना करणारे ख्रिस्ती पंथ अनेक; दाराचा राखणदार मात्र त्यांच्यापैकी कोणीच नाही. त्या पवित्र भूमीतील कॅथलिक देवस्थानांची जबाबदारी पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४२ साली फ्रान्सिस्कन संघाकडे सोपवली. त्यांच्या तेथील प्रमुखाला 'कस्टोस' म्हणजे राखणदार असेच म्हणतात, आणि फ्रान्सिस्कन मठाच्या प्रमुखाला 'गार्डियन' म्हणतात.

कायद्याच्या भाषेत

कायद्याने या शब्दांतील भेद अधिक स्पष्ट केले आहेत. केअरटेकर, रखवालदार किंवा नोकर हा कितीही वर्षे घरात राहिला तरी त्या राहण्याने त्याला मालकी हक्क मिळत नाही. तो मालकाच्या वतीने तेथे असतो आणि मालकाने मागणी केल्यावर त्याने ताबा सोडला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत मांडले. तो वाद गोव्यातील एका ख्रिस्ती कुटुंबातील बहीण आणि भाऊ यांच्यामधील घराचा होता. अनेक कुटुंबांत एक भाऊ मुंबई-पुण्यास जातो आणि दुसरा घर सांभाळतो. तोंडी विश्वासाचे नाते पुढील पिढीत वादाचे कारण होऊ नये, म्हणून सांभाळणाऱ्याचे स्थान काय हे आधीच लिहून ठेवणे शहाणपणाचे असते. असे लिहून ठेवल्याने नात्याला बाधा येत नाही, उलट नाते टिकते.

'विश्वस्त' हा शब्द यापेक्षा वरच्या पायरीवर आहे. विश्वस्ताच्या नावे मालमत्ता असते, तरीही तिचा लाभ त्याने स्वतःसाठी घ्यावयाचा नसतो. आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त संस्थांचे नियमन १९५० च्या कायद्यानुसार होते आणि त्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. महात्मा गांधींनी तर श्रीमंतांनीही आपल्या संपत्तीचे विश्वस्त म्हणून वागावे, असा विचार मांडला.

तिसरा शब्द 'पालक'. यासंबंधी 'पालक व पाल्य अधिनियम' हा कायदा १८९० सालचा आहे. ख्रिस्ती व्यक्तिगत कायद्यात दत्तकाची तरतूद नसल्याने ख्रिस्ती दांपत्यांना पुष्कळ काळ अनाथ बालकाचे केवळ पालकत्व मिळत असे. पूर्ण अर्थाने दत्तक घेण्याचा मार्ग पुढे बालन्याय कायद्याने मोकळा केला. मालमत्तेचा पालक म्हणून नेमलेल्या व्यक्तीकडून न्यायालय हिशेब मागू शकते, कारण मालमत्ता पाल्याची असते.

हे शब्द केवळ कागदावरचे नाहीत, हे लातूर जिल्ह्याने एका पहाटे अनुभवले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, आणि शेकडो मुलांचे आईबाप एका रात्रीत गेले. अशा वेळी 'पालक' कोण, हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. नळदुर्ग येथे पन्नालाल सुराणा व राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी 'आपलं घर' उभे केले. लातूर येथे एस. ओ. एस. बालग्राम आले, तेथे मुलांच्या एका घराला एक 'माता' असते. या संस्थांनी 'केअरटेकर' हा शब्द स्वीकारला नाही. त्यांनी 'घर' आणि 'माता' हे शब्द निवडले. दुःखी मुलाला व्यवस्थेपेक्षा नाते हवे असते, हे त्यांनी ओळखले होते.

काळजीवाहू सरकार आणि रिक्त धर्मपीठ

मंत्रिमंडळाने राजीनामा दिला किंवा बहुमत गमावले, तरी नवे मंत्रिमंडळ शपथ घेईपर्यंत राज्य कोणीतरी चालवावेच लागते. त्या मधल्या काळातील सरकारला 'काळजीवाहू सरकार' म्हणतात. आपल्या संविधानात हा शब्द नाही. तो संकेताने रूढ झाला आहे. अशा सरकारने दैनंदिन कामकाज पाहावे, मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत, अशी अपेक्षा असते. पंतप्रधान चरणसिंग यांनी २० ऑगस्ट १९७९ रोजी राजीनामा दिला आणि १४ जानेवारी १९८० पर्यंत ते काळजीवाहू म्हणून कारभार पाहत राहिले.

आपल्या दोन जिल्ह्यांना तर हा अनुभव अगदी जवळचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर लातूरचे विलासराव देशमुख यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ८ डिसेंबर २००८ रोजी नांदेडचे अशोक चव्हाण यांनी शपथ घेतली. पुढील वर्षी विधानसभेचे निकाल २२ ऑक्टोबर २००९ रोजी लागले, परंतु नवा शपथविधी ७ नोव्हेंबरला झाला. त्या पंधरवड्यात राज्याचा कारभार काळजीवाहू स्वरूपाचाच होता.

ख्रिस्तसभेतही अशीच व्यवस्था आहे. नांदेड व लातूर हे जिल्हे ज्यात येतात त्या औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ साली अमरावती धर्मप्रांताचे विभाजन करून झाली. कोणत्याही धर्मप्रांताचे महागुरुस्वामिपद रिक्त झाले आणि परमगुरूंनी दुसरी व्यवस्था लावून दिलेली नसली, तर १९८३ च्या धर्मसंहितेनुसार सल्लागार मंडळाने आठ दिवसांत धर्मप्रांतीय प्रशासकाची निवड करावयाची असते. धर्मपीठ रिक्त असताना त्याने कोणतेही नवे फेरबदल करू नयेत, असा स्पष्ट नियम आहे. येणाऱ्या मेंढपाळाच्या हाती धर्मप्रांत होता तसा सोपवणे हे त्याचे कर्तव्य.

पोपपद रिक्त होते तेव्हा 'कॅमरलेंगो' हे कार्डिनल काळजीवाहूचे काम करतात. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले, तेव्हा कार्डिनल केविन फॅरेल यांनी त्याची अधिकृत नोंद करून पोपमहाशयांचे निवासस्थान मोहोरबंद केले. ८ मे रोजी पोप चौदावे लिओ यांची निवड होताच तो मधला काळ संपला. काळजीवाहूचे काम जितके चोख, तितके ते नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. हीच त्याच्या कामाची खूण आहे.

पवित्र शास्त्रातील राखणदार

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर मानवाला एदेन बागेत ठेवतो, ते तिची मशागत व राखण करण्यासाठी (उत्पत्ती २:१५). मूळ इब्री भाषेत राखणीसाठी जो धातू आला आहे तो 'शामर'. दोनच अध्याय पुढे काइन आपल्या भावाचा वध करतो आणि हाबेल कोठे आहे असे परमेश्वराने विचारताच, भावाची राखण करणे हे काय आपले काम आहे, असा उलट प्रश्न करतो (उत्पत्ती ४:९). तेथेही तोच धातू योजिलेला आहे. बाग राखण्याचे काम मानवाला दिलेलेच होते. भाऊ राखण्याचे काम काइनाने नाकारले. भूमीची राखण आणि माणसाची राखण ही शास्त्राच्या दृष्टीने दोन कामे नव्हेत, हे या एका शब्दावरून ध्यानी येते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात उत्तम मेंढपाळ आणि मोलाने ठेवलेला माणूस यांची तुलना आहे. लांडगा दिसताच मोलकरी पळून जातो, कारण मेंढरांची त्याला पर्वा नसते. हा उतारा वाचून, पगार घेणारा तो कमी प्रतीचा आणि फुकट सेवा करणारा तो श्रेष्ठ, असा समज काही जण करून घेतात. तो समज आम्हांस बरोबर वाटत नाही. प्रभूने दोष दिला तो पर्वा नसण्याला. वेतन घेण्याला नव्हे.

याचा पुरावा लूकच्या शुभवर्तमानात आहे. चांगल्या शोमरोनी माणसाची कथा आपणा सर्वांस मुखोद्गत आहे, पण तिच्यातील उतारशाळेच्या चालकाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शोमरोनी जखमी माणसाला तेथे आणतो, दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून चालकाच्या हाती देतो, त्याची काळजी घेण्यास सांगतो आणि अधिक खर्च झाला तर परत येताना भरून देण्याचे वचन देतो (लूक १०:३५). त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराच्या एका दिवसाची मजुरी. पुढील कितीतरी दिवस त्या जखमी माणसाच्या जखमा धुणारा, त्याला उठवून बसवणारा हा चालक म्हणजे शुभवर्तमानातील मोलाचा केअरटेकर. शोमरोनी माणसाने त्याला केवळ धन्यवाद दिले नाहीत. त्याचे पैसे आगाऊ दिले आणि उरलेल्याची हमी घेतली. दयेच्या कार्यात मोबदल्याचाही समावेश आहे, हे या कथेने शिकवले आहे.

ख्रिस्तसभेच्या परंपरेत

मंदिराचे दार राखणे हे एकेकाळी ख्रिस्तसभेत दीक्षितांचे काम होते. धर्मगुरुपदाकडे जाणाऱ्या उमेदवाराला ज्या कनिष्ठ दीक्षा मिळत, त्यांतील पहिली 'द्वारपाल' ही होती. दीक्षाविधीत त्याच्या हाती मंदिराच्या किल्ल्या दिल्या जात, त्याच्याकडून दार लावून-उघडून घेतले जाई आणि घंटा वाजवून घेतली जाई. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली या कनिष्ठ दीक्षांची पुनर्रचना केली, तेव्हा ही दीक्षा बंद झाली. दीक्षा गेली, तरी काम उरले आहे. आज ते प्रापंचिक स्त्री-पुरुष करतात. ख्रिस्तप्रसाद ठेवण्याच्या पेटीची किल्ली अत्यंत दक्षतेने जपली जावी, असे धर्मसंहिता आजही सांगते.

राखणदारांचा आदर्श म्हणजे संत योसेफ. जो पुत्र त्याचा नव्हता त्याचा त्याने पिता होऊन सांभाळ केला, रातोरात मिसर देशात नेऊन त्याचे प्राण वाचवले आणि नाझरेथला त्याला हाताला काम शिकवले. शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नाही. पोप नववे पायस यांनी १८७० साली त्याला अखिल ख्रिस्तसभेचा आश्रयदाता घोषित केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८९ साली त्याच्यावर लिहिलेल्या पत्राचे नावच 'मुक्तिदात्याचा रक्षक' या अर्थाचे आहे. पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०१३ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, आपल्या सेवाकार्याचा आरंभ करताना याच राखणदारीवर प्रवचन केले: एकमेकांचे, दुर्बलांचे आणि सृष्टीचे रक्षण करा, असे त्यांचे सांगणे होते. २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रात त्यांनी पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. त्यानंतर वर्षभराच्या आत, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. पाणी राखले नाही तर काय होते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगावयास नको.

आजचे राखणदार

मराठवाड्यातील अनेक गावांतून माणसे पुण्या-मुंबईस जातात आणि तेथे सुरक्षारक्षक, आया, परिचारिका, रुग्णसेवक म्हणून दुसऱ्यांची घरे व दुसऱ्यांचे आईबाप सांभाळतात. इकडे त्यांचे स्वतःचे आईबाप गावी एकटे असतात. त्यांना शेजारी पाहतात. राज्याने खाजगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ साली आणि घरेलू कामगारांसाठी २००८ साली कायदे केले. तरीही चार भिंतींच्या आड चोवीस तास राबणाऱ्या बाईला सुट्टी किती आणि झोप किती, हे बहुधा त्या घराच्या सद्सद्विवेकावरच अवलंबून असते.

हाच प्रश्न आपण आपल्या संस्थांनाही विचारावा. मंदिराची किल्ली सांभाळणारा, दफनभूमीची निगा राखणारा, वसतिगृहात रात्री जागणारी मावशी, धर्मगुरू महिन्यातून एकदा येतात अशा वस्तीवर रविवारी प्रार्थना चालविणारे मास्तर, ही आपली माणसे आहेत. 'सेवा' हा पवित्र शब्द उच्चारून त्यांचा मोबदला कमी करण्याचा मोह होतो. धर्मसंहितेच्या १२८६ व्या नियमाने तो मोह आधीच अडवला आहे. ख्रिस्तसभेच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी कामगारविषयक कायदे काटेकोरपणे पाळावेत, आणि काम करणाऱ्यांना त्यांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या गरजा भागतील असे न्याय्य व पुरेसे वेतन द्यावे, असा तो नियम आहे. तो विनंतीवजा नाही, बंधनकारक आहे.

शब्दांचा हा आढावा घेतल्यावर आमच्या मनात एक साधी कसोटी उरते. जे आपल्या हाती आहे ते कोणाचे? ते कोणासाठी सांभाळावयाचे? आणि परत द्यावयाची वेळ येईल तेव्हा ते कसे असेल? रखवालदारापासून मुख्यमंत्र्यापर्यंत आणि धर्मशिक्षकापासून परमगुरूंपर्यंत प्रत्येकाला ही कसोटी लागू पडते. आईबापांनाही लागू पडते. कारण लेकरे आपल्याकडे सोपवलेली असतात.

१ मे हा कामगार संत योसेफाचा सण. पोप बारावे पायस यांनी तो १९५५ साली सुरू केला. महाराष्ट्र दिनही त्याच तारखेस येतो. त्या दिवशीच्या पवित्र मिस्सात आपल्या धर्मग्रामातील किल्ली सांभाळणाऱ्यांची आणि रुग्णांजवळ जागणाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना व्हावी, असे आम्हांस मनापासून वाटते. त्यांना 'आमचा केअरटेकर' एवढेच न म्हणता त्यांच्या नावाने हाक मारावी. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे त्याच दहाव्या अध्यायात सांगितले आहे. आपल्यासाठी जागणाऱ्यांचे नाव आपल्याला ठाऊक असावे, एवढी तरी राखण आपण त्यांची करू या.